सात कॅमेरे, एक रोल

माझ्याकडे सात कॅमेरे होते आणि त्या सातांनी मिळून माझ्या हातून एकही फोटो काढला नव्हता. शाळेतल्या मास्तर मंडळींना तरीही माझ्या छंदाचं कौतुक होतं. कुणी तिकिटं जमवायचं, कुणी नाणी, आमचे हेडमास्तर जुनी भांडणं जमवायचे. तपासणीला साहेब आले की माझ्याकडे बोट दाखवून ते सांगत, "हे आमचे फोटोग्राफर." मी न लाजता मान डोलवायचो.

मी तेव्हा पाथरीला मास्तर होतो. तिशी उलटलेली. आमच्या घराण्यात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा पहिलाच माणूस. अशा पहिल्या माणसाला काहीतरी वेड लागतंच. कुणी मनगटी घड्याळ घेतो, कुणी रेडिओ. मला लागलं ते कॅमेऱ्यांचं, तेसुद्धा जुन्या, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या.

त्याला कारण परभणीचे चाचा. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. लाकडी तिवईवरचा मोठा कॅमेरा, मागे पडद्यावर रंगवलेला बंगला आणि बंगल्यापुढच्या तळ्यात तीन बदकं. अर्धा धंदा लग्नांवर चालायचा आणि अर्धा मयतींवर. आमच्या भागात पुष्कळ माणसांचा पहिला फोटो निघायचा तो ती गेल्यावरच. गेलेल्याला आंघोळ घालायची, नवं नेसवायचं, भिंतीला टेकवून बसवायचं, चादरीआडून कुणीतरी मान धरायची आणि फोटोवाल्यानं फोटो काढायचा. मग स्टुडिओत बसून चाचा बारीक ब्रशनं मिटलेले डोळे उघडून द्यायचे. "जिंदे लोगां मेरे पास आते नई, मास्टर," असं म्हणून ते पानाचा तोबरा सावरायचे.

नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला गेलो, तेव्हा त्यांच्या कपाटात एक चपटा, जड, कोपऱ्यावर पोचा पडलेला कॅमेरा दिसला. जर्मन. महायुद्ध संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतला. कुणा साहेबाचा होता, बदली होऊन जाताना तो तिथंच राहिला होता. चाचांनी तो माझ्या डोळ्याला लावला. बघायच्या खिडकीत मधोमध एक फिकट पिवळा चौकोन होता आणि त्या चौकोनात चाचा डबल दिसत होते. भिंगाची कडी फिरवली तशी दोन नाकं जवळ जवळ येत एक झाली. "दो के एक हुए के दबाना," चाचा म्हणाले. याला रेंजफाइंडर म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की असं काहीतरी आपल्या घरी पाहिजे.

नंतर मी ते शोधतच सुटलो. जर्मन, रशियन, जपानी, पण सगळे त्याच जातीचे, वरच्या पट्टीवर दोन खिडक्या असलेले. एक कालव्याच्या कामावरच्या ओव्हरसियरकडे मिळाला, एक रिटायर झालेल्या डॉक्टरांच्या अडगळीत. एक तर मानवतला मोडीच्या पितळी भांड्यांबरोबर तागडीत पडलेला सापडला. भिंगात बुरशी आणि आतला काळा कापडी पडदा भोकं पडून चाळणी झालेला, ही त्यांची साधारण तब्येत. ती भोकं मी सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये काजळ कालवून बुजवायचो. बायको म्हणायची, "माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या डबड्यांनीच जास्त काजळ खाल्लं."

आता कुणीही विचारेल की मग फोटो का काढले नाहीत? त्याचं उत्तर मी वर्षानुवर्षं एकच देत आलो. या कॅमेऱ्यांना पस्तीस एमएमचा रोल लागतो, आणि तो पाथरीत काय, परभणीतही मिळत नसे. हे खरंच होतं. पण हैदराबादला जाणारा एखादा माणूस मला वर्षातून एकदा तरी भेटायचा आणि मी त्याला रोल आणायला कधी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. रोल घातला असता तर फोटो निघाला असता आणि मी कसला फोटोग्राफर आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. रिकाम्या कॅमेऱ्यात माझा एकही फोटो कधी बिघडला नाही.

पण दुरुस्त केलेला पडदा तपासायचा तर कॅमेरा कुणावर तरी रोखावा लागतो. नुसत्या भिंतीवर दोन प्रतिमा जुळवता येत नाहीत. त्याला काठ लागतो, नाक लागतं, डोळा लागतो. बायको बसायची नाही, तिला चूल होती. बसायची ती आक्का.

आक्का माझी थोरली बहीण, बोरीला दिलेली. मी बोर्डिंगात शिकायला गेलो त्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ती जिनिंगमध्ये कापूस वेचायला जाऊ लागली. एवढं एक वाक्य पुरे, तिनं ते कधी माझ्यापुढे काढलं नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती पाथरीला यायची, उन्हाळ्यात लेकीला घेऊन महिनाभर राहायची. तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढला नव्हता, नंतर काढायचं कारण नव्हतं.

पहिल्यांदा मी तिला म्हणालो, "आक्का, जरा त्या दारात बस, हे बघू दे." ती आत गेली. बाहेर आली तेव्हा लुगडं बदललेलं होतं, केसांना पाणी लावून ते चापून बसवलेले होते आणि ब्लाऊजची ठिगळाची बाजू पदरानं झाकलेली होती. हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून बसली. मी दोन नाकं जुळवली आणि बटण दाबलं.

"निघाला का रं?"

त्याच वेळी मी सांगायला पाहिजे होतं. पण ती नटून बसली होती हो. मी म्हणालो, "निघाला."

"दाव की मग."

"असा लगेच नसतो येत. परभणीला धुवायला द्यावा लागतो."

पहिलं खोटं मी लाजेनं बोललो. पुढची सवयीनं. ती यायची, नेसायची, दारात बसायची. तिच्या डोळ्याच्या कडेवर मी कडी फिरवत राहायचो. ती विचारायची, "आले का धुवून?" कधी मी म्हणायचो पाणी नाही म्हणून काम अडलंय. दुष्काळाच्या वर्षी ते तिला अगदी पटलं. कधी म्हणायचो, सगळे एकदम करून घेऊ, ते पेटीत ठेवलेत. ती पेटी माझ्या पलंगाखाली होती आणि तिला कुलूप होतं. बोरीत तिनं सगळ्यांना सांगून टाकलं की माझ्या भावाकडं माझे पेटीभर फोटो आहेत.

दुष्काळ सरला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. तिनं ते लपवलं. मग लपेना तेव्हा दाजी तिला परभणीच्या दवाखान्यात घेऊन आले. मीही रजा टाकून गेलो. गाठ होती आणि ती फार पसरली होती. डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, जे खायला मागेल ते द्या. आम्ही तिला तांग्यात बसवलं. तांगा स्टेशनच्या रस्त्यानं चालला होता. चाचांच्या दुकानापुढे आला तशी ती मान वळवून पाटीखालच्या काचेतले फोटो बघू लागली.

"इथं काढतेत का रं फोटो?"

"हो."

"मग एक काढू का? उतरते मी. लेकीसाठी पाहिजे. सात वर्षांची हाय ती, तिला माझं तोंड ध्यानात न्हाई ऱ्हायचं."

दाजी तांगेवाल्याला थांब म्हणणार होते. मी त्यांच्या आधी बोललो. "अगं, हा कॅमेरा लय जुना हाय. आपल्याकडं यापेक्षा चांगले हायेत. आणि पेटीत एवढे असताना इथं कशाला?"

"ते बी खरंच," ती म्हणाली.

तांगा पुढे गेला. आत चाचा दिसत होते, गिऱ्हाईक नसल्यामुळे बदकांच्या पडद्यापुढे स्टुलावर बसून पेपर वाचत होते. दोन मिनिटांचं काम होतं. पण चाचांनी फोटो काढला असता तर पेटीचा विषय निघाला असता, पेटी उघडावी लागली असती. तेवढ्यासाठी मी तांगा थांबू दिला नाही. हे मी कितीही वेळा लिहून बघितलं तरी याहून बरं होत नाही.

त्यांना बोरीच्या गाडीत बसवून मी उलट चाचांकडे आलो आणि काय ते सगळं सांगितलं. चाचांनी पान थुंकलं.

"बहन कू ले के आते तो इधर."

"आता ती बोरीला गेली, चाचा."

"तो मैं चलता हूँ, बडा कॅमेरा ले के."

"नको. तिला मीच काढायचाय. मला रोल द्या."

माझ्या अंगात त्या क्षणी कुठून एवढा फोटोग्राफर शिरला, कोण जाणे. चाचांनी कपाटाच्या तळातून, कुणीतरी कधीकाळी हैदराबादहून आणलेला एक रोल काढला. मुदत उलटलेला होता, पण "चल जाएगा" म्हणाले. कसा भरायचा तेही सांगत होते. मी म्हणालो, "येतं मला." सात कॅमेऱ्यांचा मालक होतो ना मी!

दुसऱ्या दिवशी पाथरीहून सगळ्यात चांगला कॅमेरा घेऊन बोरीला गेलो. तो रशियन, खालच्या बाजूनं उघडणारा. रोलची जीभ कात्रीनं लांब कापून दुसऱ्या बाजूच्या रिळात खोचायची आणि दोन्ही एकदम आत सरकवायचं. खोचली, सरकवलं, झाकण लावलं. आतलं काही दिसत नाही.

आक्काला दाजींनी उचलून ओसरीत आणून बसवलं. पाठीला तांदळाचं पोतं. तिनं लेकीकडून वेणी घालून घेतली होती, ती वाकडी आली होती. तिला आता नीट बसता येत नव्हतं, पण कॅमेरा दिसताच तिनं हात मांडीवर ठेवले.

"पुन्हा कशाला रं? पेटीत हायेत की."

"हे वेगळे. लेकीला जवळ घे."

लेक शेजारी बसली. मी काढत गेलो. एकटी, लेकीबरोबर, दाजींबरोबर, बाजूनं, समोरून. प्रत्येक वेळी दोन नाकं जुळवून. आकडा दाखवणारी चकती पुढे सरकत होती, चावी फिरत होती, पडदा वाजत होता, सगळं मला माहीत असल्याप्रमाणे चाललं होतं. छत्तीसला थांबलो. उलटी चावी लावून रोल गुंडाळला. किती फिरवायचं ते माहीत नव्हतं, म्हणून हात दुखेपर्यंत फिरवला.

"निघाले का?" तिनं विचारलं.

"निघाले." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला खरं वाटत होतं. "उद्या घेऊन येतो. उद्याच."

"आन लवकर," ती म्हणाली.

सकाळच्या गाडीनं परभणीला आलो. चाचा रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. मी बाहेर स्टुलावर बसून बदकं बघत होतो. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओली फीत लोंबत होती. सुरुवातीचा वीतभर काळा भाग सोडला तर सगळी स्वच्छ. पाण्यासारखी. तिच्यातून समोरचा रस्ता दिसत होता.

"मास्टर, इसमें कोई नई बैठा."

मला समजेना. चाचांनी कॅमेरा मागितला. वरच्या डाव्या बाजूच्या गोल बटणावर बोट ठेवून म्हणाले, "चावी देते वखत ये घूमता था?"

"नाही. ते कधीच फिरत नाही."

"कभीच नई?"

मग त्यांनी सांगितलं, एवढ्या हळू आवाजात, जणू माझं कुणी दगावलं होतं. रोल आतून पुढे सरकत असेल तर ते बटण आपोआप उलटं फिरतं. फिरलं नाही तर समजायचं की जीभ रिळातून सुटली आहे आणि रोल जागचा हललेला नाही. चकती मात्र पुढे जातच राहते. ज्यानं कधी एक जरी रोल घातला असेल त्याला हे पहिल्याच दिवशी कळतं. मी सात कॅमेऱ्यांना हजारो वेळा चावी दिली होती आणि ते बटण एकदाही फिरलेलं बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यात बटण स्थिर असतं, अशीच माझी समजूत.

चाचा तेव्हाच मोठा कॅमेरा बांधायला लागले. संध्याकाळी सहाला बोरीवरून जाणारी जिंतूरची गाडी होती. मी म्हणालो, "आता अंधारात काय उजेड मिळणार? सकाळी जाऊ." उजेडाचं कारण खोटं नव्हतं. पण मुख्य कारण हे की आक्का विचारणार, आणलेस का, आणि एक अख्खी संध्याकाळ मला तिच्यापुढे रिकाम्या हातानं बसावं लागणार. सहाची गाडी आमच्या समोरून गेली. मी चाचांच्या घरी जेवलो, झोपलोसुद्धा.

सकाळी, उन्हं चढल्यावर, बोरीच्या फाट्यावर उतरलो. तिवई चाचांच्या खांद्यावर, कॅमेऱ्याची पेटी माझ्या. गावाच्या अलीकडे ओढ्याकडून माणसं येताना दिसली, ओल्या अंगानं, हळूहळू. पुढे दाजी होते. त्यांनी मला बघितलं आणि ते थांबले.

"राती गेली. तुमी घरी असाल म्हनून माणूस पाठवला होता पाथरीला. तुमी घावला न्हाईत. उन्हाचं किती येळ ठेवायचं?"

चाचांनी खांद्यावरची तिवई खाली घेतली आणि डोक्यावरची टोपी नीट केली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली.

पुढे आक्काच्या स्मरणासाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. अंगणात मांडव, सतरंज्या, पुढे छोट्या टेबलावर पांढरा कपडा. त्या टेबलावर फोटो ठेवायचा, त्याला हार घालायचा, मग वंदना, मग चार माणसं बोलणार. लोक जमत होते. दाजी माझ्याकडे आले.

"मास्तर, फोटो द्या. मांडायचाय."

मी त्यांना गोठ्याच्या मागे घेऊन गेलो. "दाजी, फोटो न्हाई."

"परवाचे आले नसतील. पेटीतला एखादा द्या."

"पेटीत काही न्हाई. कॅमेऱ्यात कधी रोलच नव्हता. आणि परवा होता तर तो सरकलाच नाही."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मंग ती एवढ्या बारी बसायची, ते?"

"ते नुसतंच."

"तिला म्हाईत होतं?"

"न्हाई."

दाजी खाली बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "तिला न्यायच्या आधी, सकाळीच जिंतूरचा फोटोवाला सायकलवर आला होता. कुनी तरी कळवलं त्याला. मीच परत लावला. म्हनलं, आमच्या मास्तरकडं पेटीभर हायेत तिचे जित्तेपनीचे, हसते-बोलते. मेलेला चेहरा कशाला काढायचा?"



टेबलावर त्यांनी फुलं ठेवली. फुलांच्या मागे काही नव्हतं. हार घालायला येणारा प्रत्येक माणूस टेबलापाशी येऊन क्षणभर अडायचा, इकडे-तिकडे बघायचा आणि मग हार कपड्यावर आडवा ठेवून मागे जायचा. भाची पहिल्या ओळीत बसली होती. तिनं बाजूच्या बाईला विचारलेलं मी ऐकलं, "आईचा फोटो कुठाय? मामाकडं हाय ना?"

त्यानंतर महिनाभरानं मी सातही कॅमेरे चाचांकडे नेऊन दिले. त्यांनी ते कपाटात ठेवले.

भाची आता माझ्याकडेच शिकायला आहे. बारा वर्षांची झाली. आक्काची भीती खरी ठरली. तिला आईचा आवाज थोडा आठवतो, हाताचा वास आठवतो, चेहरा आठवत नाही. पहिल्या वर्षी ती रोज विचारायची आणि मी सांगायचो. मला वाटायचं, हे एक तरी माझ्याजवळ आहे. आक्काच्या चेहऱ्याकडे माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही, दाजींनीसुद्धा नाही. कपाळ रुंद. नाकाचं टोक किंचित खाली. हनुवटी लहान, हसली की आत जाणारी. आणि एका भुवईच्या टोकाला आडवा वण, लहानपणी ज्वारीचं धाट लागून पडलेला. तिथं केस उगवत नसत. भाचीला तो वण फार आवडायचा. ती आरशात स्वतःच्या भुवईवर तिथं बोट ठेवून बघायची.

मागल्या आठवड्यात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मामा, आईची कोनती भुवई तुटलेली होती?"

"उजवी," मी म्हणालो.

"मागल्या सुट्टीत डावी म्हनला होता तुमी."

"डावी म्हणालो होतो?"

"हो. मी डावीच धरून चाललेय."

मी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. डोळे मिटून आक्काला पाथरीच्या दारात बसवलं, हात मांडीवर, पदर नीट. तो वण आधी उजवीकडे ठेवून बघितला, मग डावीकडे. दोन्हीकडे तो सारखाच बसला.

"सांगा की मामा," भाची म्हणाली.